फेल्टखालची चीर: जुने सिंबल घेताना झालेली फसवणूक

ड्रमसेटच्या सिंबलचा, म्हणजे स्टँडवर लावून काठीने वाजवायच्या थाळ्यांचा, जुना संच बी२० या उंची कांशाचा म्हणून घेतला: १४ इंची हाय-हॅटची जोडी (पायाने मिटणाऱ्या दोन थाळ्या), १६ इंची थिन म्हणजे पातळ क्रॅश (जोरकस ठोक्याची थाळी), २० इंची मीडियम राइड (ठेका धरायची मोठी थाळी). भाव नव्याच्या ४५ टक्के. आलं ते असं: हाय-हॅट पितळेची, क्रॅश १८ इंची थाळी कापून १६ केलेला, आणि राइडला भोकापासून बेलवर, म्हणजे मधल्या घुमटावर, उतरलेली २३ मिलिमीटरची चीर. दिलेली रक्कम १०० भाग धरली, तर त्यात राइडचे ४५, हाय-हॅटचे ३२ आणि क्रॅशचे २३ होते. आता हा माल जसा आहे तसा खरं सांगून विकला तर १४ भाग हाती येतील. ८६ भाग बुडाले.

"स्वस्ताच्या मोहात पडलात" हे वाक्य चार जणांकडून ऐकून झालंय. त्यांनी आधी भाव बघावा. चांगल्या स्थितीतले जुने सिंबल नव्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतातच, त्यामुळे ४५ टक्क्यांत संशय यावा असं काही नव्हतं. कमी पैशात चांगला आवाज हवा असेल तर जुना माल हाच शहाणपणाचा रस्ता आहे, हे मी अजूनही म्हणेन. पितळेचा नवाकोरा चार थाळ्यांचा संच घेण्यापेक्षा एक चांगली जुनी राइड आणि एक हाय-हॅट घ्यावी, क्रॅशला थांबावं. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हाय-हॅट आणि राइडच वाजत असतात. रस्ता बरोबरच होता. तपासणीत कमी पडलो.

आणि नेमकं कुठे कमी पडलो ती जागा बोटाने दाखवता येते. विक्रेत्याने राइडचे चार फोटो आणि ५२ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. चारही फोटोंत राइड स्टँडवर, वर जाड फेल्ट (नमद्याची चकती), त्यावर विंगनट (हाताने पिळायचा पंखांचा नट) पिळून बसवलेला. व्हिडिओत काठी बसते तेव्हा थाळी हलतच नाही. राइड मोकळी डुलायला हवी. इतकी आवळली की तिचा आवाज गुदमरतो, शिवाय काठीचा धक्का जिरायला जागा राहत नाही आणि तो सगळा ताण बेलपाशी येतो. हे मला माहीत होतं. बघताना खटकलंही. मनात आलं ते एवढंच, की माणूस जरा निष्काळजी दिसतो. निष्काळजी! त्याने तो फेल्ट मोजूनमापून ठेवला होता. "विंगनट काढा, फेल्ट काढा, भोकाचा वरून आणि खालून फोटो पाठवा" एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पैसे पाठवण्याआधी त्या माणसाशी १७ निरोपांची देवाणघेवाण झाली आणि त्यांत हे वाक्य नाही. ते १७ निरोप मी आजही उघडून वाचतो.

फेल्टखाली भोक लांबट झालेलं होतं, किल्लीच्या भोकासारखं. नुसतं तेवढंच असतं तर चाललं असतं. प्लास्टिकची स्लीव्ह (दांड्यावरची नळी) नसली की स्टँडच्या दांड्यावरचे आटे भोकाची कड कुरतडतात. नवी स्लीव्ह घालून, थाळी वेगवेगळ्या बाजूने फिरवून लावली की अशी राइड वर्षानुवर्षं वाजते. पण त्या लांबट टोकातूनच चीर निघाली होती आणि तिच्यात पातळ गोंद भरलेला होता. गोंद धरून असेपर्यंत चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासत नाहीत, म्हणून झिरझिर ऐकू येत नाही. एकूण दोन तास वाजवल्यावर गोंद सुटला आणि बेलवर काठी मारली की पत्रा थरथरल्यासारखा आवाज येऊ लागला.

सगळ्या चिरा सारख्या नसतात. काठावरून सरळ आत गेलेली ८–१० मिलिमीटरची चीर असेल, तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवता येते, किंवा तेवढा भाग अर्धगोल कापून कडा घासून गुळगुळीत करता येतात. असा क्रॅश पडत्या भावात मिळाला तर घ्यायला हरकत नाही. लेथच्या (थाळी फिरवून तासायच्या यंत्राच्या) चऱ्यातून गोल धावणारी चीर आणि बेलवरची चीर मात्र फुकट मिळाली तरी नको. त्यांना भरवशाचा इलाज नाही. तपासताना टॉर्च खालच्या बाजूने धरा आणि नख काठावरून पूर्ण फेरी फिरवा. २० इंचाचा परीघ जवळजवळ ६३ इंच भरतो, तो सगळा. मग थाळी बोटावर किंवा दोरीवर टांगून काठाला आठ ठिकाणी हलके टकटक करा. एखाद्या ठिकाणी आवाज लवकर मेला किंवा खरखरला, तर नख तिथे पुन्हा न्या.

आता वजन. राइडचं वजन त्याने २,२६० ग्रॅम सांगितलं आणि माझ्या काट्यावर २,२५५ भरलं. या मापाच्या मीडियम राइडला ते शोभतंही. हाय-हॅट आणि क्रॅशचं वजन विचारलं तर उत्तर आलं, "काटा नाही." राइड ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्याकडे बाकीच्या थाळ्यांसाठी काटा नाही! तिथेही मी पुढे विचारलं नाही.

हाय-हॅटची वरची थाळी ८६८ ग्रॅम निघाली, खालची ८८१. बहुतेक चांगल्या जोड्यांत खालची थाळी बऱ्यापैकी जड असते, १४ इंचात २०० ग्रॅमचा फरक सहज दिसतो. याला अपवाद आहेत, पण १३ ग्रॅमचा फरक म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या दोन थाळ्या. अल्कोहोलच्या बोळ्याने लोगो पुसला, तर खाली दुसऱ्याच लोगोची फिकट सावली उमटलेली दिसली. शाईखालची धातू उघड्या धातूसारखी काळवंडत नाही, म्हणून जुना लोगो खरवडला तरी त्याची छाप राहते. फोटोतला छापील लोगो बघून विश्वास ठेवू नका, शाई कोणीही छापतो. धातूत दाबलेला शिक्का असेल तर त्याचा तिरप्या उजेडात जवळून फोटो मागा.

बी२० म्हणजे ८० भाग तांबं आणि २० भाग कथील. याची थाळी ओततात, पुनःपुन्हा तापवून लाटतात, ठोकतात आणि लेथवर चढवतात. बी८ मध्ये ९२ भाग तांबं आणि ८ भाग कथील. ती तयार पत्र्यातून कापतात. पत्रा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, १९७१ पासूनची पाइस्टे कंपनीची '२००२' नावाची मालिका बी८ चीच आहे आणि ती उत्तम वाजते. पितळ म्हणजे बहुधा ६३ भाग तांबं आणि ३७ भाग जस्त. माइनल कंपनीची एचसीएस किंवा पाइस्टेची पीएसटी ३ ही मालिका पितळेची आहे आणि कंपन्या ते उघड सांगतात. शिकायला पितळ घेण्यात गैर काही नाही. पितळेला बी२० चा भाव दिला, राग त्याचा आहे. पितळ आणि कासं यांच्या घनतेत फारसं अंतर नाही, म्हणून काट्यावर धातू ओळखता येत नाही. चकाकी पॉलिशने आणता येते, त्यामुळे रंगावरही जाऊ नका. ओळख आवाजात आहे: पितळ मधल्या सुरातच अडकतं, फुलत नाही, आणि झटकन विझतं.

पण तो आवाज फोनच्या व्हिडिओत कळत नाही. मोठा ठोका आला की फोन आवाज आपोआप दाबतो आणि नाद उतरू लागला की वर उचलतो. त्यामुळे दोन सेकंदांत मरणारी थाळीही लांब वाजल्यासारखी वाटते. विक्रेत्याला थाळीपासून एक मीटरवर फोन ठेवून, न थांबता बोलत बोलत ठोका मारायला सांगा. बोलण्याचा आवाज ठोक्यानंतर खाली-वर होत असेल, तर त्या व्हिडिओतल्या नादाला काही किंमत नाही.

क्रॅश १,११८ ग्रॅम. १६ इंची थिन क्रॅश साधारण ९०० ते १,००० मध्ये असतो. काठाला तडे गेलेली १८ इंची थाळी भोवताली एकेक इंच कापली की पातळ काठ निघून जातो आणि आतली जाड धातू काठ बनते. क्रॅश फुलतो तो पातळ काठामुळे. तो गेला की थाळी ताटासारखी ठणकते. मापाला बेल मोठी दिसणं, लोगो काठाला खेटून असणं, लेथचे चरे काठावर एकदम तुटणं, या खुणा फोटोतही दिसल्या असत्या. दोन दिशांनी टेप लावून व्यास मोजा. हाताने कापलेली थाळी क्वचितच पूर्ण गोल असते. माझी एका बाजूने ४ मिलिमीटर कमी भरली.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. जाहिरात जिथे लागली होती, तिथल्या तक्रार कक्षाची मुदत माल मिळाल्यापासून ४८ तास. गोंद सुटला तिसऱ्या दिवशी. तरी फोटो, वजनं आणि चिरेचा व्हिडिओ पाठवला. त्यांचा प्रश्न: "वस्तू वाजते का?" वाजते, पण फुटकी आहे. उत्तर: "म्हणजे चालू स्थितीत आहे." मग तज्ज्ञाचं लेखी प्रमाणपत्र मागितलं. सिंबल फुटल्याचं प्रमाणपत्र कोण देतं हे त्यांनाही सांगता आलं नाही. ११ ईमेल गेले, उत्तरं आली तीन, त्यातली दोन शब्दशः सारखी. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्जाचा नमुना बदलला होता, तिसऱ्यांदा हा दोघांमधला व्यवहार आहे, दिवाणी दावा करा, असं सांगून अर्ज परत दिला. खोटा लोगो छापणं हा दोघांमधला व्यवहार कसा होतो? हे विचारलं तर पुढच्या माणसाला हाक मारली. कुणीही थाळी हातात घेऊन पाहिली नाही. मी तिन्ही वेळा राइड सोबत नेली होती.

म्हणून पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, त्यातच फेल्ट काढा, काट्यावर ठेवा आणि मुदत संपायच्या आत किमान तासभर जोरात वाजवा. आगाऊ रक्कम देऊ नका. मी ३० टक्के आगाऊ दिले आणि उरलेले ७० माल निघाल्याची पावती बघून, म्हणजे उघडून पाहायच्या आधीच सगळे.

त्याच माणसाची नवी जाहिरात लागली आहे: २२ इंची राइड, २,८१५ ग्रॅम, सहा फोटो. सहाही फोटोंत विंगनट घट्ट आणि फेल्ट जागेवर.