ऑक्टाव्हिया आरएस २४५: पाच वर्षं, कन्नडचा घाट आणि भावजींची बीएमडब्ल्यू

श्रावणातला रविवार, सकाळचे साडेसहा. कन्नडचा घाट उतरून आम्ही चाळीसगावच्या बाजूला पायथ्याशी थांबलो होतो. पुढे माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, मागे धाकट्या भावजींची बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट. रस्ता ओला, वर धुकं. भावजींनी त्यांची किल्ली पुढे केली. "वहिनी, चढताना माझी तुम्ही घ्या, तुमची मी घेतो. वर जाऊन बोलू." ज्या वादात पाच वर्षं आमच्या घरी ताटातल्या पोळ्या निवल्या, तो मिटवायला आमच्या जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही.

वाद असा: साध्या कंपनीची वेगवान सेडान जर्मन बड्या नावांच्या पंक्तीला बसू शकते का? भावजी म्हणतात, नाही. मी म्हणते, बसते, फक्त पंक्तीतलं एक पान तिच्या वाट्याला येत नाही. ते पान कोणतं, हे मला त्या सकाळी नेमकं कळलं.

आधी माझी बाजू सांगते, कारण मी तटस्थ नाही. मी संभाजीनगरची. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची जोडणी सुरू झाली आणि ऑक्टाव्हिया आमच्या जालना रोडवर दिसू लागली, तेव्हा मी डिप्लोमाला होते. गाडीचं दार बंद होतानाचा तो भरीव आवाज मी रस्त्याच्या पलीकडून ऐकला आहे. २००४ मध्ये हिची पहिली आरएस, म्हणजे वेगवान आवृत्ती, भारतात आली, १.८ लिटर टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद. तेव्हापासून ठरवलं होतं की कधीतरी हीच घ्यायची. पुढे वाळूजला स्वतःचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप टाकलं, आणि २०२०च्या फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोत आरएस २४५ जाहीर झाली. संपूर्ण भारतासाठी फक्त २०० गाड्या, त्याही तयार आयात केलेल्या, एक्स-शोरूम ३६ लाख. बुकिंग केलं आणि टाळेबंदी लागली. गाडी दारात आली ती दिवाळीच्या तोंडावर. आज मीटरवर ६१,००० किलोमीटर आहेत.

कागदावर बघा. माझं इंजिन २ लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस, टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर ३७० न्यूटन-मीटर, ० ते १०० किमी वेगाला ६.६ सेकंद. भावजींचंही २ लिटर टर्बो पेट्रोल, २५८ पीएस, ४०० न्यूटन-मीटर, ५.८ सेकंद. ३३०आय एम स्पोर्ट २०१९ मध्ये आली तेव्हा ४७ लाख ९० हजारांना होती. म्हणजे १२ लाखांचा फरक, आणि घड्याळावर एक सेकंदसुद्धा नाही. १२ लाखांत माझ्या शॉपमध्ये एक जुनं पण धडधाकट व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातूकामाचं यंत्र, उभं राहतं, म्हणून हा फरक मला चांगला कळतो. शिवाय माझ्या इंजिनाचं घराणं तेच आहे, ज्याचं इंजिन ऑडीच्या ए४ मध्ये बसतं. ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहाची, त्यात स्कोडाही १९९१ पासून आहे. लोखंड एकाच घरचं असताना बॉनेटवरच्या चिन्हाला इतकं मोजायचं का, हा माझा जुना मुद्दा.

पण घाट कागदावर चढता येत नाही.

भावजींची गाडी घेऊन पहिल्या तीन वळणांतच मी गप्प झाले. वळणात शिरताना दोन्ही गाड्या सारख्याच तयारीच्या. माझीचं स्टेअरिंग तर जास्त चपळ वाटतं, थोडं फिरवलं तरी नाक लगेच वळतं. फरक पडतो तो वळणातून बाहेर निघताना. हेअरपिन, म्हणजे उलट फिरवणारं अरुंद वळण, संपत आलं, स्टेअरिंग अजून सरळ झालेलं नाही आणि पायाखाली पेट्रोल दिलं. ३३०आयची पुढची चाकं फक्त वळतात, ढकलायचं काम मागची करतात. गाडी मागून कोणी हलक्या हाताने रेटावी तशी निघते आणि स्टेअरिंग हातात शांत राहतं. माझ्या गाडीत वळायचं आणि ओढायचं, दोन्ही कामं पुढच्याच चाकांकडे. ओल्या डांबरावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा घाई केली की आतलं चाक सुटू पाहतं आणि स्टेअरिंगला हिसका येतो.

स्कोडाने यावर इलाज केलेला आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. पुढच्या दोन चाकांमध्ये इलेक्ट्रॉनिक ताबा असलेला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग, आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणून आतलं चाक घसरलं की बाहेरचंही लुळं पडतं. इथे चकत्यांचा एक क्लच आहे. तो आवळला की जोर बाहेरच्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो आणि नाक वळणाच्या आत ओढलं जातं. कोरड्या रस्त्यावर हे इतकं छान चालतं की गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते आहे हेच विसरायला होतं. मी मायक्रॉनमध्ये काम करणारी बाई आहे. यंत्राने स्वतःची मर्यादा ओळखून तिच्यावर उपाय करावा, तो नीट चालावा, याचं मला फार कौतुक वाटतं. पण ओल्या घाटात तो उपायच राहतो. भावजींच्या गाडीत मुळात तो प्रश्नच नाही: इंजिन लांबीच्या दिशेने ठेवलेलं, वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. हा आराखडा महाग आहे आणि पैसे तिथे गेलेत. हेच ते पान.

वर कन्नडच्या बाजूला पोचल्यावर भावजी माझ्या गाडीतून उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही एवढी पळते हे तुम्ही मला नीट सांगितलंच नाही." मी म्हटलं, "आणि तुमची एवढी सरळ निघते हे तुम्ही." चहा पिऊन निघालो.

समृद्धीवर चित्र वेगळं. १२० च्या मर्यादेत माझं इंजिन निवांत असतं, पुढे जायचं तर गिअर बदलायचीही वाट बघावी लागत नाही. पण काँक्रीटवर टायरचा घुमारा आत येतो. १८ इंची चाकं, २२५/४० चे पातळ टायर, आणि चाकांच्या कमानींतून येणारा तो एकसुरी आवाज. जालन्यापासून शिर्डीपर्यंत आवाज चढवून गाणी ऐकावी लागतात. ३३०आयमध्ये त्याच पट्ट्यात आई आणि भावजी साध्या आवाजात बोलत होते. सासूबाईंना मी आई म्हणते. रोज लांब जाणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये.

शहरातही बीएमडब्ल्यूचा ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जास्त मऊ आहे. क्रांती चौकात सिग्नलला रांगत पुढे सरकताना माझा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्षणभर विचार करतो, मग गाडी सोडतो. मोकळ्या रस्त्यावर तोच गिअरबॉक्स इतका झटपट गिअर टाकतो की डोळा लवायच्या आत काम झालेलं असतं. मायलेज म्हणाल तर गावात ९ ते १०, समृद्धीवर १४.

आता जिथे माझी गाडी सरळ जिंकते ते. मागचं पाचवं दार काचेसकट उघडतं. खाली ५९० लिटरची डिकी, ३३०आयची ४८०. आकड्यापेक्षा तोंडाचा फरक मोठा. वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या बुशचे (यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांचे) लाकडी खोके मी आडवे सरकवून चाकणला नेते. भावजींच्या डिकीत तेच खोके तिरके करूनही जात नाहीत. मागच्या सीटवर आईंचे गुडघे मोकळे राहतात. ३३०आयमध्ये मधोमध उंच बोगदा असल्याने तिसऱ्या माणसाचे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्नच पडतो. आणि पुढच्या सीटा! लाल शिवण, मऊ अल्कान्टारा, कंबर दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या. संभाजीनगर ते मुंबई करून उतरल्यावर माझी पाठ तक्रार करत नाही. त्या सीटांसाठी मी ही गाडी पुन्हा घेईन.

आतली बटणं, कप्पे, डोअरपॅड सगळं घट्ट आणि नीट, पण साधं. बीएमडब्ल्यूत हाताला धातू लागतो, इथे प्लास्टिक. मला फरक पडत नाही. भावजींना पडतो, आणि १२ लाख जास्त दिलेल्या माणसाला तो पडलाच पाहिजे.

पुष्कळ जण विचारतात, नवी आरएस घ्यावी का? ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आली: २६५ पीएस, ६.४ सेकंद, फक्त १०० गाड्या, ४९ लाख ९९ हजार. सगळ्या विकल्या गेल्या. मी ती चालवलेली नाही, त्यामुळे रस्त्यावर कशी आहे ते सांगणार नाही. पण किमतीबद्दल माझं मत पक्कं आहे. पूर्ण आयात गाडीवरचं शुल्क आणि इथला कर धरून ती रस्त्यावर येईपर्यंत साठ लाखांच्या आसपास जाते. माझ्या गाडीचं सगळं म्हणणं "इतक्या कमी पैशांत इतकं" यावर उभं होतं. चेन्नईजवळ जोडल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यूपुढे ते म्हणणं साठ लाखांत टिकत नाही. तेवढ्या पैशांत मी मागच्या चाकांवर ढकलली जाणारी गाडी शोधेन. वापरलेली, नीट सांभाळलेली २४५ किंवा २०१७ ची आरएस २३० मिळत असेल तर मात्र डोळे झाकून नाही, पण टायर आणि सर्व्हिसचे कागद बघून जरूर घ्या.

टायर बघाच. मागच्या महिन्यात माझे पुढचे दोन बदलले. मागच्या दोघांवर अजून निम्मी नक्षी शिल्लक आहे, पुढचे तळाला गेले होते. टायरवाल्याने चारही एकदम बदला म्हटलं. मी पुढचे दोनच घेतले, कारण दोन चाकांकडून चारांचं काम मीच करून घेतलं होतं.