मालगुंड–आरे-वारे अभ्याससहल: तारीख कॅलेंडरवर नको, तिथीवर ठरवा

रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे आणि तिथून लगेच मालगुंड. जेमतेम २५-३० किलोमीटरच्या या पट्ट्यात खडकाळ किनारा, पुळण (वाळूचा किनारा), खाडीतलं कांदळवन आणि केशवसुतांचं जन्मघर, सगळं आहे. आठवीपासून पदवीपर्यंतच्या मुलांसाठी ही फार चांगली सहल आहे. बिघडते ती एकाच कारणाने: शाळा सुट्टी बघून तारीख ठरवतात, बस दुपारी किनाऱ्यावर पोचते आणि बघायचे खडक तेव्हा पाण्याखाली असतात.

तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागलं की भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठ-साडेआठला. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया उत्तम, कारण उधाणाचा जोर असल्याने पाणी बरंच मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती. तेव्हा खडक पुरेसे उघडे पडत नाहीत. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाणी फिरलं की परतायचं.

खडकांवर दोरीची ५० सेंटिमीटरची चौकट टाकून वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यातले जीव मोजायला लावा. वर उन्हात तग धरणारे छोटे शंख, मध्ये कालवं, खालच्या डबक्यांत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि शेवाळ. उलटलेला दगड तसाच परत ठेवायचा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू द्यायचा नाही, त्याचा दंश विषारी असतो. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल हवेत.

कांदळवनाला अर्धा तास पुरतो. तिवराच्या पानावर मीठ दिसतं, चिखलातून श्वसनमुळं वर आलेली असतात आणि कांदळाच्या फळाला झाडावरच मोड फुटलेला असतो.

कासवांची पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी ते एप्रिल. मात्र दिसतीलच, असं मुलांना सांगून नेऊ नका. टॉर्च आणि फ्लॅश पूर्ण बंद. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

रत्नागिरीचं मत्स्यालय किनारा पाहून झाल्यावरच करा. देवमाशाचा सांगाडा मुलांना थक्क करतोच, पण सकाळी खडकांवर जे ओळखता आलं नाही त्याबद्दलचे प्रश्न तिथे नेमके निघतात.

मालगुंडच्या केशवसुत स्मारकाला बहुतेक गट वीस मिनिटं देतात. हा अन्याय आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या या वास्तूला दीड तास हवा. १८६६ साली जन्मलेल्या या कवीची ‘तुतारी’ मुलांना पाठ असते, पण इथे वाचावी ती ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस’. गावापासून दूर असलेला कवी त्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यांशी बोलतो. आधी किनाऱ्यावर होकायंत्राने नैर्ऋत्य शोधून घ्यायची, मग घराच्या ओटीवर कविता मोठ्याने वाचायची. समजावून सांगायला फारसं उरत नाही. प्रती शाळेतूनच छापून न्या.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात मुलांना पोहायला सोडू नका. तिथे तळ एकदम खोल होतो आणि ओढ जबरदस्त असते. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि जेवण किनाऱ्यावरून परतल्यावरच.