इटली, स्पेन की पोर्तुगाल? सॅक पाठीवर टाकून रेल्वेने फिरणाऱ्यांसाठी

दक्षिण युरोपात रेल्वेने स्वस्तात फिरायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: तिकिटं दोन-तीन महिने आधी काढून ठेवा. सल्ला चुकीचा नाही, पण तो युरोपात राहणाऱ्यांच्या सोयीचा आहे. आपल्याकडून जाणाऱ्याचा पासपोर्ट त्या काळात बहुधा व्हिसा सेंटरमध्ये अडकलेला असतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे या तिन्ही देशांना चालणाऱ्या एकाच सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हे कागदावर ठीक आहे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळवताना काय होतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. त्यातून स्वस्त तिकीट म्हणजे जवळजवळ नेहमीच पैसे परत न मिळणारं तिकीट. व्हिसा नाकारला गेला तर 90 युरो फी जातेच, वर तिकिटांचे पैसेही बुडतात.

म्हणून या तीन देशांतून एक निवडताना आधी एकच प्रश्न विचारावा: व्हिसा हातात आलाय, निघायला दोन आठवडे उरलेत, आणि आत्ता तिकिटं काढायला बसलो, तर हा देश किती महाग पडेल? जुनी शहरं, चर्च, समुद्र तिन्हीकडे भरपूर आहेत. या प्रश्नाची उत्तरं मात्र तिन्हीकडे अगदी वेगळी येतात.

इटली: वेळ असेल तर सगळ्यात निश्चिंत

इटलीत त्याच दोन शहरांमध्ये दोन तऱ्हेच्या गाड्या धावतात. एक वेगवान: सरकारी फ्रेच्चारोस्सा आणि 2012 पासून तिच्याशी टक्कर देणारी खासगी इतालो. यांचं भाडं विमानासारखं मागणीनुसार चढतं. दुसरी रेजोनाले, म्हणजे आपली पॅसेंजर गाडी. हिचं भाडं एसटीसारखं अंतरावर ठरलेलं. दोन महिने आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, पैसे तेवढेच. आरक्षण नाही, जिथे जागा दिसेल तिथे बसायचं.

व्हेनिस ते बोलोन्या दोन तासांच्या आसपास, बोलोन्या ते फ्लॉरेन्स प्रातोला गाडी बदलून दीड-दोन तास, फ्लॉरेन्स ते रोम साडेतीन-चार तास, रोम ते नेपल्स अडीच-तीन तास. रेजोनालेने ही सगळी साखळी मिळून साधारण साठ-पासष्ट युरोंत होते. वेगवान गाडी फ्लॉरेन्सहून दीड तासात रोमला नेते, पण आयत्या वेळी त्या एकाच टप्प्याला पन्नास युरो मोजावे लागू शकतात. दोन तास वाचवायचे की दोन वेळचं जेवण, हा ज्याचा त्याचा हिशोब. माझं मत विचाराल तर संथ गाडीच्या वाटेवर अरेत्सो आणि ओर्व्हिएतो लागतात, आणि ओर्व्हिएतो पाहिल्यावर वाचलेल्या दोन तासांची हळहळ वाटत नाही. तिकीट दोन तुकड्यांत काढलं की झालं.

कागदी तिकिटाची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. फलाटाकडे जाताना खांबावर किंवा भिंतीवर एक छोटं यंत्र असतं. तिकिटाचं टोक त्याच्या फटीत सरकवलं की खर्रकन आवाज होतो आणि तारीख-वेळ छापली जाते. हा छाप नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, हे ऐकून घेतलं जाईलच असं नाही. यंत्र बंद असेल तर गाडीत चढताच स्वतःहून तिकीट तपासनिसाला गाठायचं. फोनवर काढलेल्या तिकिटाला छाप लागत नाही, पण चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. आणखी एक: फलक फक्त शेवटचं स्टेशन ठळक दाखवतो. तुम्हाला ओर्व्हिएतोला उतरायचं असलं तरी वर 'रोमा तेर्मिनी' असंच दिसणार. त्यामुळे गावाचं नाव शोधण्यापेक्षा गाडीचा नंबर जुळवा. ती सवय आपल्याला आहेच.

नेपल्सहून पॉम्पेईला चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल जाते. चाळीस मिनिटांच्या आत, तीन-चार युरोंत, थेट अवशेषांच्या दारात. गर्दी, उकाडा आणि खिसेकापू यांच्या बाबतीत मुंबईकराला नवीन काही नाही; सॅक पोटाशी धरायची. खाली सिसिलीपर्यंत जायचं असेल तर इंटरसिटी गाडी व्हिला सान जोव्हान्नीला अख्खी बोटीत चढवली जाते आणि मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडते. डबे तोडून बोटीच्या पोटात रुळांवर ढकलतात, तोवर तुम्ही वर जाऊन समुद्र बघून येता. या गाडीचं भाडं ठरीव नसतं, तरी ही चैन परवडते.

इटली मार खाते ती मुक्कामावर. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम इथल्या हॉस्टेलमधली डॉर्मची खाट सीझनमध्ये तिन्ही देशांत बहुधा सगळ्यात महाग, आणि माणशी दर रात्रीचा शहर-कर पुष्कळदा काउंटरवर वेगळा मागतात. व्हेनिससाठी मेस्त्रेला राहावं, गाडीने दहा मिनिटं. मात्र व्हेनिसला फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना 2024 पासून ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क आहे: आधी भरलं तर 5 युरो, आयत्या वेळी 10. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असेल तर ते लागत नाही. फक्त आधी ऑनलाइन नोंद करायची असते. संपांचीही सवय ठेवा. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात.

स्पेन: आधी काढलं तर स्वस्त, नाहीतर बस

स्पेनचे जुने रूळ 1668 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम 8 मिलिमीटर कमी. 1992 मध्ये माद्रिद–सेव्हिया मार्गावर पहिली वेगवान गाडी, आवे, सुरू केली ती मात्र उर्वरित युरोपच्या 1435 मिलिमीटरवर. तेव्हापासून स्पेनमध्ये जवळपास दोन वेगळ्या रेल्वे आहेत, आणि मोठ्या शहरांना जोडण्याचं काम नवीन रेल्वेने खाऊन टाकलंय. माद्रिद–बार्सिलोना 621 किलोमीटर अडीच तासांत. इटलीसारखा संथ, ठरीव भाड्याचा सोयीचा पर्याय इथे उरलेला नाही.

2021 मध्ये विगो ही फ्रेंच कंपनी आली, सरकारी रेन्फेने आव्लो ही स्वस्त गाडी काढली, 2022 च्या अखेरीस इर्यो ही आणखी एक कंपनी आली. या चढाओढीमुळे आधी काढलं तर माद्रिद–बार्सिलोना वीस-पंचवीस युरोंत पडतं, म्हणजे वेगाच्या मानाने फुकटच. दोन आठवडे आधी, त्यात शुक्रवार असेल, तर त्याच जागेचे तिप्पट-चौपट. शिवाय स्वस्त गाड्यांत सामानाच्या मापाला अर्थ असतो. विगोत एक छोटी पिशवी आणि विमानातल्या केबिन बॅगेएवढी एक बॅग तिकिटात येते. साठ लिटरची ट्रेकिंगची सॅक त्यात बसत नाही, तिचे वेगळे पैसे. फलाटाआधी सामान स्कॅन होतं आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी दार बंद होतं, तेव्हा धावत येऊन डबा पकडायचा बेत इथे चालत नाही.

मग उशिरा तिकीट काढणाऱ्याने स्पेन सोडून द्यावं का? नाही, बार्सिलोना सोडावं. राग येईल काहींना, पण गौदीच्या सग्रादा फामिलिया चर्चसाठी अख्ख्या प्रवासाचं बजेट वाकवण्यापेक्षा माद्रिदला उतरून एकदाच काय ते महाग तिकीट काढून दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतात जावं आणि तिथेच राहावं. तिथे मेदिया दिस्तान्सिया या मध्यम पल्ल्याच्या गाड्या ठरीव भाड्यात चालतात: सेव्हिया–कोर्दोबा सव्वा-दीड तास, सेव्हिया–कादिस पावणेदोन तास. जागा क्रमांकित असतात आणि संपूही शकतात, पण भाव चढत नाही. सेव्हियाहून ग्रानादाला गाडीपेक्षा बस सरळ पडते, तीन तास. रेल्वेचा हट्ट तेवढ्यापुरता सोडा.

पैसे वाचवायला स्पेनमध्ये घड्याळ लागतं. कोर्दोब्याची मेझकिता, म्हणजे लाल-पांढऱ्या कमानींचं ते मशीद-कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी 8.30 ते 9.30 मोफत, त्या तासात पर्यटकांचे जथेही कमी. माद्रिदचं प्रादो संग्रहालय रोज शेवटचे दोन तास मोफत. ग्रानादात पेयाबरोबर तापास, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येते. फक्त तिथल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याचं तिकीट व्हिसा लागताक्षणी काढा. ते नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि सीझनमध्ये आयत्या वेळी मिळत नाही.

पोर्तुगाल: छोटा, स्वस्त, आणि कोपऱ्यात

लिस्बन–पोर्तो इंटरसिटीने सव्वातीन तासांच्या आसपास. आधी काढलं तर घसघशीत सवलत. नाही काढलं तरी पंचवीस-तीस युरोंच्या घरात काम होतं. म्हणजे उशीर झाल्याची शिक्षा सौम्य. सिंत्राला लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून लोकल, चाळीस मिनिटं. पोर्तोहून ब्रागा आणि गिमाराइश दोन्ही लोकलच्या भाड्यात, तासा-सव्वातासात.

पण पोर्तुगालचं खरं तिकीट डोरू नदीच्या खोऱ्याचं. पोर्तोच्या साओ बेंतू स्टेशनात जोर्ज कोलासूने चितारलेल्या सुमारे 20,000 निळ्या फरशा मान वर करून बघून घ्या आणि पिन्याउंकडे जाणारी गाडी धरा. वर जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसायचं. पहिला तासभर काही विशेष नाही, मग अचानक नदी रुळाला येऊन भिडते आणि शेवटपर्यंत सोबत करते. समोरच्या उतारांवर द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले. अडीच तासांचा हा प्रवास आहे आणि भाडं इथेही ठरीव.

उणीव जाळ्याची. फाटे कमी, गाड्या विरळ, आणि कोइंब्रासारख्या गावी मोठ्या गाड्या शहराच्या कडेला कोइंब्रा-बी स्टेशनवर सोडतात. दोन आठवडे भरगच्च फिरायचं तर आठव्या-नवव्या दिवशी 'आता कुठे?' असं होतं.

पोट आणि ऊन

शाकाहारी माणसाला इटलीइतकं सोपं काही नाही. नेपल्समध्ये साधा मार्गेरिता पिझ्झा पाच-सात युरोंत, रोममध्ये वजनावर विकला जाणारा पिझ्झ्याचा तुकडा, आणि रस्त्यावरच्या 'नासोनी' नळांचं गार पाणी फुकट. कॉफी काउंटरला उभं राहून प्या. बसलात की दर बदलतो. काटेकोर असाल तर अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, हे ठाऊक असू द्या. स्पेनमध्ये भाजीवरही डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात, त्यामुळे 'सिन हामोन', म्हणजे 'हॅमशिवाय', हे दोन शब्द पाठ करा. सेव्हियात मात्र पालक आणि छोल्यांची भाजी हा तिथला जुना पदार्थ आहे, आणि पावाबरोबर ती आपल्या जिभेला लगेच पटते. अंडं चालत असेल तर बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, सगळीकडे. रात्रीचं जेवण नऊशिवाय सुरू होत नाही, तेव्हा सहाला भूक लागणाऱ्यांनी सुपरमार्केट गाठावं. पोर्तुगालमध्ये मांस-मासे खाणाऱ्यांची चंगळ, शाकाहाऱ्यांची जरा आबाळ. लिस्बनच्या कॅफेंत काचेमागे सामोसे दिसतील, ही गोवा आणि आफ्रिकेतल्या वसाहतींची वाट, पण आत बहुधा खिमा असतो. शाकुती खायची तर लिस्बनमध्ये गोवन खाणावळीही आहेत.

मुलांच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणार असाल तर तिन्ही देश चालतील. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिया आणि कोर्दोब्यात पारा चाळिशी ओलांडतो, विदर्भातल्या माणसानेही तेव्हा पोर्तोच गाठावं. दिवाळीच्या सुट्टीत आंदालुसिया उत्तम; पोर्तोत पाऊस आणि व्हेनिसच्या चौकात भरतीचं पाणी येण्याचे दिवस सुरू झालेले असतात.

तर काय ठरवायचं

पहिलीच खेप, पंधरा दिवस हातात आणि व्हिसा उशिरा येण्याची शक्यता: इटली, व्हेनिसला उतरून नेपल्स करून रोमहून परत. आठ-दहा दिवस आणि खिसा बेताचा: पोर्तुगाल. जुना शेंगेन व्हिसा अजून वैध असेल, म्हणजे तिकिटं आत्ताच काढता येत असतील, तर स्पेन. तसा स्वस्त वेग युरोपात सहजी मिळत नाही. अनेक देशांत चालणाऱ्या युरेल या रेल्वे पासच्या भानगडीत या तीन देशांसाठी पडू नका. वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात, आणि संथ गाड्या मुळातच इतक्या स्वस्त की पास वसूल होत नाही.

स्पेन-पोर्तुगाल एकत्र करायचा मोह नकाशा बघून होतोच. पण माद्रिद–लिस्बन रात्रीची गाडी मार्च 2020 मध्ये बंद पडली ती पडलीच. आता गाड्या बदलत जाण्यात दिवस जातो, त्यापेक्षा रात्रीची बस बरी. रेल्वेनेच जायचं असेल तर उत्तरेला पोर्तो–विगो ही सेल्ता गाडी आहे (हे विगो म्हणजे स्पेनमधलं शहर, वरची रेल्वे कंपनी नव्हे), सव्वादोन-अडीच तास, दिवसातून दोनदा. तसं जमवलंत तर रात्री मोजा: ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच्याच वकिलातीकडे अर्ज करायचा, आणि दोन्हीकडे सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे.