अकरा महिने सीपीएल वापरला: निळं आकाश, वळीव आणि न निघणारी रिंग

परवा संध्याकाळी सव्वासहाला दिवे घाटाच्या माथ्यावर होतो. सासवडच्या बाजूने वळीव चढत होता. ऐरणीसारखा पसरलेला ढगाचा माथा, त्याच्या पोटाखाली पावसाचा काळाशार पडदा. पहिली वीज चमकली आणि लेन्सवरचा सीपीएल, म्हणजे चकाकी कमी करणारा, गोल फिरवायचा पोलरायझिंग फिल्टर, निघेना. गडगडाट जवळ आला तसा गाडीत जाऊन बसलो आणि वीस मिनिटं त्या रिंगशी झटत राहिलो. म्हणून हे लिहितोय.

फिल्टर ७७ मिमीचा, स्लिम रिंगचा, ४,८०० रुपयांचा. माझ्या ६७ मिमी तोंडाच्या लेन्सला स्टेप-अप रिंगने, म्हणजे लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणाऱ्या जोडरिंगने बसवतो. पुढे मोठी लेन्स घेतली तर पुन्हा खर्च नको, हा हिशेब. तो बरोबरच निघाला.

मागच्या जूनमध्ये घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात पैसे पाण्यात गेले असं वाटलं. आभाळ गच्च भरलेलं, रिंग कितीही फिरवा, ढगांत काडीचा फरक नाही. वर दीड स्टॉप उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गेला तो गेलाच. दुकानात मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगतो. निळ्या आकाशाचा उजेड हवेच्या रेणूंवरून विखुरताना ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी बऱ्याच अंशी एकाच दिशेत हलतात, आणि रिंग फिरवून तो उजेड अडवता येतो. ढगातल्या थेंबांमधून तोच उजेड इतक्या वेळा इकडून तिकडे जातो की ध्रुवण जवळपास उरतच नाही. सीपीएल ढग गडद करत नाही, ढगामागचं निळं गडद करतो. मागे निळं नसेल तर तो काय करणार?

मत बदललं ते ताम्हिणीत. ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चकाकी रिंग फिरवताच उतरली आणि खालचा खरा हिरवा वर आला. मग श्रावणातल्या एका संध्याकाळी पूर्वेला इंद्रधनुष्य पडलं. त्याचा उजेड कमानीच्या वळणाला धरून ध्रुवित असतो. त्यामुळे रिंग एका जागी आणली की कमानीचा माथा उजळतो आणि जमिनीजवळचे पाय फिके पडतात. पाव फेरा दिला की उलट. अख्खी कमान एका फोटोत हवी असेल तर फिल्टर काढा. तुकडा हवा असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. त्या दिवशी माझे पैसे वसूल झाले.

ऑक्टोबरात वाइड लेन्सने मात्र फसवलं. १६ मिमी फोकल लेंग्थला आकाशाच्या मधोमध गडद निळा डाग, दोन्ही कडा फिक्या. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात परिणाम सर्वांत जास्त असतो आणि वाइड लेन्स पट्ट्याच्या बाहेरचंही बरंच आकाश आत घेते. सोपी खूण: तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा ज्या ज्या दिशेला जाईल, तिथे तिथे पट्टा.

याच हिशेबाने मे महिन्यातली दुपार मला सर्वांत आवडते. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. मग ९० अंशांचा पट्टा चारही दिशांना क्षितिजावर टेकतो. कुठेही वळा, वाइड लेन्सलाही आडवं आकाश सारखं गडद येतं आणि वळवाचे कापसासारखे पहिले ढग त्यावर उठून दिसतात. धुरळा असला तर परिणाम कमी होतो, तरी मी ती वेळ चुकवत नाही. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला आणि ढग पूर्वेला म्हटलं की त्याच्यामागच्या निळ्यावर जवळपास काहीच होत नाही. म्हणजे परवा तो फिल्टर लेन्सवर असायलाच नको होता.

आता रिंगबद्दल. ॲल्युमिनियमची पातळ कडा, धरायला जागा नाही, पुढे आटे नाहीत म्हणून नेहमीचं झाकणही बसत नाही. फिरवताना सैल होऊन पडू नये म्हणून मी कायम घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवत आलो आणि अकरा महिन्यांत आटे स्टेप-अप रिंगमध्ये आवळत गेले. बोटांनी दाबलं की पातळ रिंग किंचित लांबट होते आणि आणखीच धरते. शेवटी फिल्टरच्या काचेतून तसेच विजेचे फोटो काढले. फिल्टर उजेड खातो म्हणून ॲपर्चर एफ ८ ऐवजी एफ ५, म्हणजे जास्त उघडं, ठेवावं लागलं. सर्वांत मोठ्या विजेच्या फोटोत तिचंच हिरवट, उलटं भूत समोरच्या कोपऱ्यात आलंय, काचेवरच्या परावर्तनामुळे. तो फोटो गेला. अशी वीज पुन्हा कधी मिळेल?

दुकानदाराला फोन केला. उत्तर आलं, ‘वापरातला दोष आहे, वॉरंटीत बसत नाही.’ काच मी फोडलेली नाही, रिंग वाकवलेली नाही, फिरवायची वस्तू फिरवली एवढंच. याचा मला मनापासून राग आहे.

अपडेट: आज निघाला. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळला, चिमटीत न धरता पूर्ण तळहात सपाट टेकवला आणि हलकेच वळवलं. पहिल्याच झटक्यात सुटला. काच उत्तम आहे, रंग जराही पिवळा पडत नाही, म्हणून फिल्टर ठेवतोय. पण नवीन घेणाऱ्यांनी पितळी रिंगचाच बघावा, ती इतकी धरत नाही, हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील. माझ्या बॅगेत आता दोन रबरबँड कायमचे आहेत, आणि ढगात पहिली गुरगुर झाली की सीपीएल डबीत.