ई-कोर्ट्सचं ॲप: दुसऱ्याच्या फायली अंगावर आल्या तेव्हा

चाकणच्या एका कंपनीत लीगल मॅनेजर म्हणून जॉइन झाले तेव्हा माझ्या जागेवरचे सर आठ दिवस आधीच निघून गेले होते, हँडओव्हर म्हणजे एक एक्सेल शीट आणि कपाटाची चावी. शीटमध्ये ३१ केसेस, पण ‘पुढची तारीख’ कॉलममध्ये बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीच्या तारखा. त्यात पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमाने सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते, कोर्टात आपण उभं राहू शकत नाही, बाहेरचे वकील सांगतील तेच खरं. तेव्हा कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या सरकारी ॲपनेच मला तारलं. फुकट आहे.

जुन्या ऑर्डरवरचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख, स्टेज, मागच्या तारखांना काय झालं, सगळं येतं, मग ती केस ‘माय केसेस’मध्ये सेव्ह करायची. १९ अशाच मिळाल्या. बाकीच्यांसाठी पार्टीच्या नावाने सर्च, इथे एक सांगते, कंपनीचं पूर्ण नाव टाकू नका, प्रायव्हेट लिमिटेड प्रत्येकाने वेगळं लिहिलेलं असतं, पहिली चार-पाच अक्षरं टाका आणि वर्ष बदलत जा.

असं करताना शीटमध्ये नसलेला एक दावा सापडला! व्हेंडरचा वसुलीचा, पुण्याच्या कमर्शियल कोर्टात. कपाट उपसलं तर समन्स एसीच्या देखभालीच्या बिलांच्या फायलीत, वर गेटचा तारखेसह इनवर्ड (आवक) शिक्का. कमर्शियल दाव्यात कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने मुदत वाढवली तरी समन्स मिळाल्यापासून १२० दिवस, त्यापुढे हक्कच जातो. शिक्क्यापासून मोजले, ९७ झालेले. हात गार पडले माझे. वकील म्हणाले, “मॅडम, वकालतनामा आजच्या आज पाठवा.” ११२व्या दिवशी कैफियत दाखल झाली.

लवाद आणि नोटिसा मात्र ॲपवर दिसणार नाहीत, ग्राहक आयोगाच्या केसेस ई-जागृती पोर्टलवर बघायच्या. चेक बाउन्सच्या नोटिशीनंतर पैसे भरायचे १५ दिवस कधी संपतात ते मेल आणि इनवर्ड रजिस्टर चाळूनच कळतं. सरांना नंतर फोन केला, तासभर बोलले, प्रत्येक केसची गोष्ट तोंडपाठ होती त्यांना, फक्त कागदावर काहीच नव्हतं.

आता दर शुक्रवारी ‘माय केसेस’ रिफ्रेश करते आणि एक्सपोर्ट करून फाइल कंपनीच्या ड्राइव्हवर ठेवते, माझ्यानंतर जो येईल त्याला ती सरळ इंपोर्ट करता येईल.