थिंकपॅड टी480 लॅपटॉप सेकंडहँड घेऊन एक पावसाळा काढला, बॅटरीबद्दल लिहायचंच होतं

खानापूर साइडला जून-जुलैत लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळं लॅपटॉप घेताना मला प्रोसेसरपेक्षा बॅटरीचंच टेन्शन जास्त. बजेट वीस हजाराच्या आत. बेळगावात रिफर्बिश्ड (जुना, तपासून-दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड टी480 मिळाला, इंटेल आय5 आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, साडेअठरा हजार.

वर्गातल्या एकानं त्याच सुमारास दुप्पट पैसे घालून नवा घेतला, सहा महिन्यात हिंज (स्क्रीनची बिजागरी) निखळली आणि सर्व्हिसवाले म्हणतात फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. नुसतं उघडझाक करून तुटलं तर त्याला डॅमेज म्हणतात काय? लई राग आला होता मला.

आता बॅटरी. ह्यात दोन आहेत, आतली फिक्स 24 वॉट-अवरची (आकडा मोठा तितकी जास्त वीज मावते) आणि मागची काढता येणारी. आधी मागची संपते मग आतली लागते. मागची संपली की खालचे दोन खटके सरकवायचे, ती काढायची, चार्ज केलेली दुसरी दाबून बसवायची, खट्ट झालं की झालं, लॅपटॉप बंदसुद्धा करायला लागत नाही! रात्रभर लाइट नसताना असाच प्रोजेक्ट रिपोर्ट पुरा केलाय. 72 वॉट-अवरवाली मोठी मागची बॅटरी खाली कुबडासारखी येते, पहिल्यांदा ते अजिबात आवडलं नव्हतं, पण कीबोर्ड तिरका होतो आणि टायपिंगला बरं पडतंय, आता छोटी लावायचं मनातसुद्धा येत नाही.

दुकानातच कमांड प्रॉम्प्टला powercfg /batteryreport मारून रिपोर्ट उघडून बघा, डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) दोन्ही दिसतात. माझी मागची निम्म्यावर आली होती, दाखवल्यावर दुकानदारानं बदलून दिली.

आणि हो, टी470 दिसायला सेम असतो पण प्रोसेसर सहाव्या-सातव्या जनरेशनचा, त्याला विंडोज 11 चा अधिकृत सपोर्ट नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टी480एस आणि टी490 मध्ये मागची बॅटरी निघत नाही, नाव जवळचं बघून घेऊ नका. स्क्रीन 1920 बाय 1080 चीच मागा, 1366 वाली लई फिकी असते. गेमिंग पाहिजे असेल तर हा नको.

रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, पुढच्या महिन्यात अजून 8 घालणार.