पावसाळा काढलेला डायोरामा: नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय उतरलं

फेब्रुवारीत पूर्ण झालेला कुठलाही डायोरामा, म्हणजे छोट्या मापातला देखावा, मेअखेरपर्यंत झकासच दिसतो. कोल्हापुरात त्याची परीक्षा मृगानंतर सुरू होते. या तुकड्याला आता नऊ महिने झाले. त्यातले चार पावसाळ्याचे, तेही घरातल्या उघड्या फळीवर काढलेले. शेजारचा आर्द्रतामापक जुलैत कितीतरी दिवस ८५ ते ९० टक्के दाखवत होता. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते कुठल्या एका किटबद्दल (जोडून बनवायच्या मॉडेल-संचाबद्दल) नाही. कोणतं साहित्य आणि कोणती पद्धत या हवेत तग धरते, एवढंच त्यात आहे.

तुकडा असा: माप १:३५ (प्रत्यक्षाच्या पस्तिसाव्या भागाएवढं), तळ ३० × २० सेंमी, त्यावर चार पायांचं मालवाहू यंत्र. एक पाय मोडलेला, धड उजवीकडे पंधरा अंश कललेलं, लाल मातीत रुतलेलं, बाजूला एक माणूस उभा. काल्पनिक यंत्राला स्वतःचं माप नसतं, ते त्या माणसामुळे येतं. १:३५ मध्ये पावणेसहा फुटी माणूस ५० मिमी, मीटरभर उंचीचा कठडा साडेअठ्ठावीस मिमी आणि शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण साडेआठ मिमी. ही तीन मापं बरोबर आली की बाकी यंत्र कसंही असो, डोळा खपवून घेतो. शिडी चुकली तर कितीही रंगवा, खेळणंच दिसतं.

अंगावरच्या बारीकसारीक भागांसाठी संपलेली बॉलपेनं, सिरिंजा, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुन्या रणगाड्याच्या किटमधले उरलेले तुकडे पुरले. मोबाइलचा सर्किट बोर्ड अख्खा चिकटवू नका, तो कुठूनही सर्किट बोर्डच दिसतो. हायड्रॉलिकच्या नळ्यांना मोटर रिवायंडिंगवाल्याकडची अर्धा मिमीची तांब्याची वायर उत्तम, कारण वाकवली की वाकलेलीच राहते. प्रत्येक नळी कुठून तरी निघून कुठेतरी शिरलेली हवी. बारीक ड्रिल, पिन व्हाइस (ते ड्रिल धरायची हातमूठ) आणि कानशी कोल्हापुरातल्या गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, आसपास सोनारकामाच्या हत्यारांत बघाव्यात. छंदाच्या दुकानातल्या महागड्या संचाइतकंच ते काम देतात.

आता रंग. सगळ्या वेदरिंगचा, म्हणजे मॉडेल जुनं-झिजलेलं दाखवण्याचा, पाया एकच: वरच्या थराच्या थिनरने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून लॅकर प्रायमर (तीव्र थिनरवर चालणाऱ्या रंगाचा तळथर), त्यावर लॅकरमधलाच गंजाचा तपकिरी, चोवीस तास विश्रांती, मग हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक, चिपिंग (रंगाचे टवके उडवणं), हलका लॅकर क्लिअर (पारदर्शक थर), ऑइल वॉश (पातळ केलेला ऑइल रंग) आणि सगळ्यात शेवटी पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी). हा क्रम कुठेही उलटा केला की पुढच्या पायरीला भोगावं लागतं.

हेअरस्प्रे पाण्याने सुटतो, म्हणून त्यावरचा रंग ओला करून उडवता येतो. या हेअरस्प्रे चिपिंगला फेब्रुवारीत दहापैकी नऊ गुण दिले असते. वीस-पंचवीस सेंमीवरून दोन हलके हात, मध्ये दहा मिनिटं, मग वीस मिनिटांनी ॲक्रिलिक. एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी, हवेचा दाब १५ पीएसआय. ॲक्रिलिक पाण्याने पातळ करायचा. लॅकर थिनरने पातळ केलेला रंग हेअरस्प्रे भेदून खालच्या थराला चावतो आणि मग घासघासून हात दुखतो, रंग निघत नाही. रंग लावल्यापासून तासाभराच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी जागा कोमट पाण्याने ओली करायची, अर्धा मिनिट थांबायचं आणि केस आखूड कापलेल्या ताठ ब्रशने टोचायचं. ओढायचं नाही. बारीक ओरखड्यांना दात कोरायची काडी.

हेच काम जुलैत एका झाकणाच्या दुरुस्तीसाठी केलं आणि पार फसलं. दमट हवेत हेअरस्प्रे वाळतच नाही, चिकट राहतो. पाणी लागताच वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला, पाच पाच मिमीचे तुकडे. १:३५ मध्ये पाच मिमी म्हणजे प्रत्यक्षात साडेसतरा सेंमी. शेतातल्या पंपाचाही रंग असा उडत नाही. तेव्हा आर्द्रता ६५ च्या वर असेल तर हा प्रयोग पुढे ढकला, किंवा सरळ स्पंज चिपिंग करा: भांडी घासायच्या स्पंजचा फाटका तुकडा, त्यावर गडद तपकिरी रंग, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवर हलके ठोकायचं. हे काम आषाढातसुद्धा होतं. मिठाने चिपिंग करण्याच्या (रंगाखाली मिठाचे कण ठेवून ते नंतर काढण्याच्या) फंदात मात्र पावसाळ्यात पडू नका. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होतं, आणि रंगाखाली राहिलेला एखादा कण महिन्यांनी पाझरून ओला डाग देतो.

रंग कुठे उडवायचा हे शिकायला गळीत हंगामात रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली पुरेशी आहे. हौद्याचा तळ घासून लख्ख, तिथे गंज टिकतच नाही. गंज सापडतो तो कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या रेषेला आणि फाळक्याच्या बिजागरीखाली. वरच्या बाजूंचा रंग शाबूत असतो, फक्त उन्हाने विटलेला. म्हणजे झीज होते ती माणसाचा हात, पाय आणि माल जिथे लागतो तिथे. मॉडेलवरही शिडीच्या पायऱ्या, दाराची कडी, मालाचा तळ, बस्स. सगळीकडे सारखे ठिपके मारले की यंत्राला गोवर आल्यासारखा दिसतो.

लाल गंज लोखंडालाच येतो. हलक्या मिश्रधातूच्या पत्र्यावर रंग उडाला तर खाली राखाडी दिसायला हवं, ॲल्युमिनियम असेल तर फारतर पांढुरकी पूड. या तुकड्यात पाय आणि सांधे पोलादाचे मानले, धड मिश्रधातूचं. त्यामुळे नारिंगी रंग फक्त कंबरेखाली आला आणि एवढ्यानेच नजर थांबते. इंजिनाच्या नळकांड्यावर तापल्याचे रंगही तसेच क्रमाने यायला हवेत: उष्णतेपासून लांबच्या टोकाला फिकट पिवळा, मग जांभळा, आणि जवळ निळा. कुठल्याही जुन्या बाइकच्या सायलेन्सरचं वळण बघितलं की क्रम चुकत नाही.

अजून एक गोष्ट बहुतेक तुकड्यांत चुकलेली दिसते. यंत्र कललेलं असेल तर ओघळांच्या दिशा दोन हव्यात. यंत्र उभं होतं तेव्हाचे जुने, फिकट ओघळ धडाच्या अंगाला समांतर, म्हणजे आता तिरके दिसणारे. आणि पडल्यानंतरचे ताजे, गडद ओघळ सरळ जमिनीकडे. इथे डाव्या दारावर ते एकमेकांना पंधरा अंशांत छेदतात. वेळ लागला जेमतेम वीस मिनिटं, पण यंत्र इथे किती दिवस पडलंय हे सांगायला दुसरं काही लागत नाही.

ओघळ ऑइल रंगांचे. कॅमलचे बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एवढेच लागले. ट्यूबमधला रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवायचा, म्हणजे तेल शोषलं जातं आणि वाळल्यावर चमक येत नाही. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेला चपटा ब्रश, एकाच दिशेने तीन-चार वेळा ओढा. पहिल्यांदा जास्तच वाटलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा पुसता येतं, ही ऑइलची मोठी सोय. मार्चमध्ये दोन दिवसांत वाळणारा वॉश ऑगस्टमध्ये आठवडाभर बोटाला लागत होता.

टर्पेंटाइनचा एक धोका मात्र गंभीर. एक पाय मुद्दाम मोडलेला होता, दुसरा एप्रिलमध्ये आपणहून मोडला. कारण सांध्याच्या आतलं प्लास्टिक रंगवलेलं नव्हतं आणि घट्ट बसवल्यामुळे ताणाखाली होतं. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन; ते ताणाखाली असताना त्यात टर्पेंटाइन झिरपलं की बारीक चिरा पडतात आणि भाग काचेसारखा तुटतो. उपाय साधा: सांधे आतूनही प्रायमर करा, वजन पेलणाऱ्या जागी एक मिमीची पितळी तार घाला आणि वॉश डबक्यासारखा साचू देऊ नका.

जमिनीने सगळ्यात जास्त धडे दिले. तळाला १२ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), त्यावर एक्सपीएस फोमचे (घट्ट थर्माकोलसारख्या फोमचे) उंचवटे. फोमवर थेट स्प्रे कॅन मारला की तो विरघळतो, म्हणून आधी फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिकचा लेप. एमडीएफला दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर लावला नाही तर वरून ओलं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) पडताच फळी वाकते. या तळाची खालची बाजू राहून गेली होती आणि कोपरा तीन मिमी उचलला, तो आजही तसाच आहे.

माती पन्हाळा-जोतिबाकडच्या जांभ्याची. लोहाच्या ऑक्साइडचा रंग असल्याने ती उन्हाने विटत नाही. पण ती जशीच्या तशी वापरायची नाही. आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तासभर भाजायची, कारण मातीतला पालापाचोळा, फेव्हिकॉल आणि ओली हवा एकत्र आली की पांढरी बुरशी धरते. भाजलेल्या भागावर नऊ महिन्यांत काही आलं नाही, न भाजलेल्या एका कोपऱ्यात ऑगस्टमध्ये आली. मग चाळणी. एक मिमीचा खडा इथे साडेतीन सेंमीचा दगड होतो, म्हणून चहाच्या गाळणीतून, शेवटी नायलॉनच्या मोज्यातून. त्यातली सगळ्यात बारीक भुकटी पिगमेंट म्हणून यंत्राच्या पायांवर लावा. विकतच्या पिगमेंटचा रंग जमिनीशी कधीच इतका जुळत नाही. यंत्र आणि जमीन एकजीव दिसण्याचं निम्मं श्रेय या एका गोष्टीला.

जळालेल्या पट्ट्यासाठी फौंड्रीतली वापरलेली काळी वाळू घेतली. कण पाव मिमीच्या आसपास, रंग नैसर्गिक, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. तिच्यात लोखंडाचे थेंब असतात आणि ते पीओपीत बसले की पावसाळ्यात तपकिरी डाग फुटतात. खऱ्या गंजाच्या हौसेने एका जागी ग्राइंडिंगची भुकटी घातली होती. ती मार्चमध्ये सुंदर होती, सप्टेंबरपर्यंत डाग दीड सेंमी पसरला आणि माणसाच्या बुटापर्यंत पोचला. ओलावा मिळतोय तोवर तो थांबणार नाही. बुरशीवर उपाय म्हणून पुस्तक-बाइंडिंगवाल्यांसारखा गोंदात मोरचूद (तांब्याचं सल्फेट) घालायचा विचार आला तर लोखंडाच्या भुकटीजवळ नको, तांब्याचा थर चढून गंज आणखी भडकतो. वाळू चाळताना मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते.

दिव्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. यूएसबीच्या ५ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला २२० ओमचा रेझिस्टर, आणि आतून आधी काळा, मग चंदेरी रंग. नाहीतर सगळं धड कंदिलासारखं उजळतं.

पिगमेंटच्या आधीचा मॅट (बिनचमकीचा) क्लिअर पावसात मारू नका. लॅकर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि पांढरी धुरी येते. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका हात दिल्यावर ती बरीचशी गेली, खाचांत थोडी राहिली. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) नसेल तर जूनच्या आत घ्या. पिगमेंटवर क्लिअर मारूच नये, धूळ ओली झाल्यासारखी गडद होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन-चार थेंबांनी बसवलेली धूळ फुंकरीने हलत नाही, बोट लावलं तर मात्र येते.

ऑक्टोबरपासून तुकडा ॲक्रिलिकच्या पेटीत आहे, ऑइल पूर्ण वाळल्याची खात्री करून ठेवलेला. कोपऱ्यात ५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल. ते हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. बुटाजवळचा तो डाग पेटीत गेल्यापासून पुढे सरकलेला नाही.